ल्हासा, शिह त्झू, माल्टीज: लांब केसांच्या छोट्या कुत्र्यांचं ग्रूमिंग घरी कसं करता?

रानजाई (पुणे)

पावसाळा तोंडावर आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: "सगळे केस काढून टाकू का?" त्यावर वीस जण वीस उत्तरं देतात आणि कुत्र्याचं व्हायचं ते होतं. म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी शिह त्झू, ल्हासा आप्सो, माल्टीज, यॉर्कशायर टेरियर किंवा यांच्यापैकी कुणाची मिश्र पिल्लं आहेत त्यांनी आपापली पद्धत सविस्तर लिहावी.

या कुत्र्यांचे केस लॅब्रॅडॉरसारखे घरभर झडत नाहीत, ते वाढतच राहतात. जो केस सुटतो तोही खाली न पडता शेजारच्या केसांत अडकतो, आणि गुंता तिथूनच सुरू होतो. पार्लरला महिना-दीड महिन्यातून नेलं तरी मधल्या दिवसांचं काम घरच्यांनाच करावं लागतं. पार्लरवाल्याने कितीही सुरेख कापून दिलं तरी घरी कंगवा लागला नाही, तर पुढच्या खेपेला तो भादरण्याशिवाय काही करू शकत नाही.

आमचा चिकू शिह त्झू आहे. मला सगळ्यात आधी सांगायचंय ते हे की ब्रशवर विसंबू नका. वरवर ब्रश फिरवला की केस छान फुलतात, मऊ लागतात. खाली कातडीलगत मात्र नमदा जमत असतो. खरं काय ते स्टीलचा कंगवा सांगतो, अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असतात तो. मुळापासून टोकापर्यंत तो न अडकता गेला तरच केस विंचरले म्हणायचे.

माझी पद्धत अशी. चिकूला कुशीवर आडवा करते. पाण्यात कुत्र्यांचं कंडिशनर अगदी थोडं मिसळून स्प्रेच्या बाटलीत ठेवलेलं असतं, त्याचा हलका फवारा मारते. कोरड्या केसांवर ब्रश चालवला तर ते तुटतात. मग डाव्या हाताने केसांचा सगळा भार वर उचलून धरायचा, म्हणजे खाली कातडीची एक पांढरी रेघ दिसते. त्या रेघेखालचे केस स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांचा असतो तो) खालच्या दिशेने सोडवायचे, त्यांतून कंगवा काढायचा, आणि वरच्या केसांतली एक पातळ बट खाली सोडायची. पुन्हा रेघ, पुन्हा ब्रश, पुन्हा कंगवा. पोटापासून सुरू करून पाठीच्या कण्यापर्यंत असं थराथराने वर जायचं. ब्रशच्या तारांनी कातडी खरवडली जाते, म्हणून जोर देऊ नका. आपल्या हाताच्या आतल्या नाजूक बाजूवर ब्रश ओढून पाहा, जेवढा तिथे सोसतो तेवढाच जोर त्याच्यावर.

रोज सगळं अंग करायला वेळ नसतो हे मान्य. अशा दिवशी फक्त या जागा बघा: कानांच्या मागे, पुढच्या पायांच्या बगला, जांघा, हार्नेस किंवा पट्टा घासतो ती जागा, शेपटीचं मूळ, हनुवटीखालची दाढी. जटा बहुतेक वेळा इथेच धरतात.

आणि केसांइतकीच मोलाची दुसरी गोष्ट: रोज हात फिरला की अंग पाठ होतं. नवी गाठ, गोचीड, लाल झालेली कातडी, हात लावताच आखडून घेतलेला पाय हे सगळं लवकर लक्षात येतं. एवढ्या केसांखाली ते नुसत्या नजरेला कधीच दिसणार नाही.

लिहा मंडळी.

सोनचाफा

फार गरजेचा धागा. आमची माल्टीज सव्वा वर्षाची आहे. मध्यंतरी एक काळ असा आला की सकाळी विंचरलं तरी संध्याकाळी पुन्हा गाठी. तेव्हा वाटलं तिला काही आजारच झालाय. आता आपोआप कमी झालंय. हे नक्की काय होतं?

रानजाई

सोनचाफा, पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठ्यांचे केस येतात तो काळ असतो. साधारण आठ-नऊ महिन्यांपासून वर्षापर्यंत कधीही येतो. दोन्ही प्रकारचे केस एकाच वेळी अंगावर असतात आणि एकमेकांत गुंततात. या दोन-तीन महिन्यांत केस बारीक कापून ठेवले तर पिल्लू आणि माणूस दोघांचीही सुटका होते. याच वयात कंगव्याची भीती बसली तर ती पुढे वर्षानुवर्षं जात नाही.

तिठा (सावंतवाडी)

इकडे पावसाचे चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे कुत्रा कसा वाळवायचा? आमच्याकडे शिह त्झू आहे. आंघोळीनंतर दोन दिवस त्याला कुबट वास येतो. टॉवेलने खसाखसा पुसतो, पंख्याखाली ठेवतो, तरी तेच.

रानजाई

तिठा, खसाखसा पुसणं पहिलं थांबवा. ओले केस चोळले की गाठी घट्ट बसतात. टॉवेल अंगाभोवती गुंडाळून फक्त दाबायचं, पाणी टिपून घ्यायचं. टॉवेल दोन-तीन लागतात. मग ड्रायर, कमी उष्णतेवर आणि सतत हलता. आपला मोकळा हात हवेच्या झोतात ठेवायचा, हाताला चटका वाटला की त्यालाही वाटतोय. दुसऱ्या माणसाने त्याच वेळी ब्रश करायचा. वरचे केस कोरडे लागले म्हणजे झालं असं नाही. फुंकर मारून केस बाजूला करा आणि मुळाशी बोट लावून बघा. बोटांच्या बेचक्या, कानाच्या पाळीची आतली बाजू आणि बगल इथे ओल राहते.

आणि आंघोळीआधी कंगवा पूर्ण फिरलेला हवा. गुंता तसाच ठेवून पाणी घातलं तर तो आवळतो आणि त्याच्या आतली ओल दोन-दोन दिवस सुकत नाही. तुमच्या कुबट वासाचं मूळ तिथेही असू शकेल.

निवृत्त_पशुवैद्य

रानजाईताईंनी जे लिहिलं आहे ते बरोबर आहे. वासाबद्दल थोडी भर घालतो.

कुत्र्याच्या कातडीवर मॅलासेझिया नावाचं यीस्ट मुळातच असतं. एरवी त्याचा त्रास नसतो. ओल आणि ऊब सतत मिळाली की ते भराभर वाढतं. आंबूस वास, तेलकट कातडी, कानांत तपकिरी मळ, पंजे सतत चाटणं ही त्याची लक्षणं. आंघोळ वाढवून हे जात नाही, उलट ओल वाढते. वास आठवडाभर टिकला तर डॉक्टरांना दाखवा. कातडीचा नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की लगेच कळतं, आणि औषधी शाम्पू त्याप्रमाणे देता येतो. तो शाम्पू अंगावर सुमारे दहा मिनिटं राहू द्यायचा असतो. लोक लावून लगेच धुतात आणि उपयोग नाही म्हणतात.

निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांतून एक आंघोळ पुरते. माणसाचा शाम्पू नको, मग तो लहान बाळांचा का असेना. आपल्या कातडीचा सामू आम्लाकडे झुकलेला असतो, कुत्र्याचा उदासीनच्या जवळपास. माणसाच्या शाम्पूने त्यांची कातडी कोरडी पडते, मग खाज, मग खाजवून जखम.

पावसाळ्यात फिरून आल्यावर पूर्ण आंघोळ नको. चार पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं. मात्र साचलेल्या पाण्यातून नेऊ नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, पंजाला बारीकशी चीर असली तरी जंतूंना वाट मिळते, आणि तो कुत्र्याकडून घरच्यांनाही होऊ शकतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. तुमच्या कोकणात तर नक्कीच द्या.

तिठा

डॉक्टर, धन्यवाद. पंजे चाटण्याचं अगदी तसंच आहे, पांढरे केस तिथे तांबूस झालेत. उद्याच घेऊन जातो.

ल्हासावाला (ठाणे)

मी ल्हासा पूर्ण लांब केसांतच ठेवतो, जमिनीला टेकणारे. वर "बारीक कापून ठेवा" हा सूर दिसतोय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. हा तिबेटच्या मठांतून आणि घरांतून राखणीला असलेला कुत्रा. तेनझिंग नोर्गे दार्जिलिंगला ल्हासा पाळायचे. त्याची आयाळ, डोळ्यांवर येणारी झुलपं ही त्याची ओळख आहे. रोज पाऊण तास दिला तर लांब केस ठाण्यातही नीट राहतात. माझ्याकडे राहिलेत. केसांना कधी तेल लावत नाही, धूळ चिकटते. डोक्यावरचे केस मऊ रबराने बांधतो, रबर रोज काढून नवं घालतो, नाहीतर मुळाशी केस तुटतात. आणि रबर इतकं सैल हवं की कपाळाची कातडी ताणली जाऊन डोळे वर ओढले जाणार नाहीत.

रानजाई

ल्हासावाला, तुम्ही रोज पाऊण तास देता आणि ते दिसतंय. अशा हातात लांब केस शोभतात. पण तिबेटचं पठार थंड आणि कोरडं, आपल्याकडे जुलैत भिंतीसुद्धा घामेजतात. नोकरी, मुलं, आजारी आई-वडील असं सगळं सांभाळणाऱ्या घरात हा पाऊण तास रोज निघत नाही, आणि त्याची झळ कुत्र्याला लागते. ज्यांना रोज जमणार नाही त्यांनी अर्धा ते पाऊण इंच केस ठेवावेत, या मतावर मी ठाम आहे. कुत्र्याला आपण कसे दिसतो याचं काही नसतं. कुठे ओढतंय, टोचतंय, एवढंच त्याला कळतं.

मावळसखी

रानजाईला अनुमोदन.

संत्रानगरी (नागपूर)

आमच्याकडे दोन आहेत, एक शिह त्झू आणि एक पॉमेरेनियन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर. दोघांचेही केस वस्तऱ्यासारखे साफ काढावे असं घरच्यांचं म्हणणं आहे. करू का?

निवृत्त_पशुवैद्य

दोघांचं उत्तर वेगळं आहे.

पॉमेरेनियन किंवा आपल्याकडचा स्पिट्झ यांना कातडीलगत दाट लोकरीसारखा थर असतो आणि वर ताठ लांब केस. हे यंत्राने पार काढले तर काही कुत्र्यांत ते महिनोन् महिने उगवत नाहीत, किंवा टप्प्याटप्प्यांत, विचित्र पोताचे उगवतात. पॉममध्ये हे बरंच दिसतं. त्याला भादरू नका. खालची सुटी लोकर ब्रशने नीट काढून टाका, हवा खेळते. पंजे आणि गुदद्वाराभोवतीचे केस कापले तरी पुरे.

शिह त्झूचे केस कापायला हरकत नाही, पण कातडी दिसेपर्यंत नको. उन्हाने भाजते. अर्धा इंच ठेवा. पोटाचे केस मात्र अगदी बारीक करा. तो थंड फरशीवर पोट टेकून पसरतो तेव्हा गारवा सरळ कातडीला मिळतो.

पण केस कापले म्हणजे उष्माघात टळला असं समजू नका. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो, आणि शिह त्झूचं नाक-घसा आखूड असल्यामुळे त्याला ते नीट जमत नाही. सकाळी लवकर आणि रात्रीच फिरवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जोराची धाप, घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, तोल जाणं दिसलं तर साध्या पाण्याने अंग भिजवा, पंखा लावा आणि तसंच दवाखान्यात न्या. ड्रायरही उन्हाळ्यात गरम हवेवर चालवू नका, आणि बंद पिंजऱ्यात ठेवून तर कधीच नाही.

संत्रानगरी

समजलं डॉक्टरसाहेब. पॉमचं वाचलं म्हणायचं. घरच्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला.

पारिजात७

मला तातडीने सल्ला हवा आहे. आमच्या मागच्या गल्लीतलं एक कुटुंब गाव सोडून गेलं आणि त्यांची ल्हासा कुत्री तिथेच राहिली. काल तिला घरी आणलं. केस म्हणजे एक सलग गोधडी झाली आहे, बोटसुद्धा आत जात नाही. मागचे पाय एकमेकांना चिकटल्यासारखे, नीट चालता येत नाही. वास येतो. हात लावू देते, पण बगलेजवळ गेलं की ओरडते. आधी गरम पाण्याने आंघोळ घालून मग हळूहळू विंचरावं का? घरात मोठी कात्री आहे.

रानजाई

पारिजात, आंघोळ नको आणि कात्री तर मुळीच नको. जटा कातडीला ओढून धरते, त्यामुळे कातडी तंबूसारखी वर उचलली जाऊन जटेच्या आत शिरलेली असते. वरून वाटतं आपण केस कापतोय, आणि कात्री कातडीतून जाते. अशी जखम टाके पडण्याइतकी मोठी असते. विंचरून हे सुटणारही नाही. सुटलंच, तर तिला इतक्या यातना होतील की ती पुन्हा कुणाला जवळ येऊ देणार नाही. सगळं यंत्राने काढावं लागेल. ते घरी करू नका, दवाखान्यात न्या. डॉक्टर येतीलच, सविस्तर लिहितील.

निवृत्त_पशुवैद्य

लगेच न्या, उद्यावर टाकू नका. बगलेला ओरडते आहे म्हणजे खाली जखम असण्याची शक्यता मोठी आहे. या दिवसांत केसांखालच्या ओल्या जखमेत माश्या अंडी घालतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. मुंबईत असाल तर परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात नेता येईल. दुसरीकडे असाल तर जिल्ह्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा जवळचे खासगी डॉक्टर.

तिथे काय होईल ते सांगतो, म्हणजे तुम्ही घाबरणार नाही. वेदना आणि भीती जास्त असेल तर गुंगीचं औषध देतील. १० नंबरच्या ब्लेडने, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर केस मागे ठेवणारं ब्लेड, जटेच्या खालून कातडीला समांतर यंत्र चालवतील. सगळी गोधडी एका तुकड्यात उतरते. ब्लेड तापतं, म्हणून मधे मधे थांबावं लागतं. खाली कातडी लाल, ओलसर, कधी जांभळट दिसेल. बऱ्याच दिवसांनी तिथे रक्त मोकळं फिरत असतं, म्हणून तिला खाजही येईल.

कानांकडे खास लक्ष द्या. कानांवरच्या जड जटा निघाल्या की कुत्रं जोरजोरात डोकं झटकतं, आणि कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुग्यासारखी फुगते. डॉक्टरांना विचारून पहिले एक-दोन दिवस कान डोक्याला सैलसर पट्टीने बांधून ठेवता येतात.

पारिजात७

दवाखान्यातून आलो. गुंगी द्यावी लागली. बगलेखाली हार्नेसचा जुना पट्टा निघाला, तो केसांत गडप झाला होता आणि मांसापर्यंत रुतला होता. सुदैवाने अळ्या नव्हत्या. गोचीड मात्र ढीगभर, बहुतेक कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत. रक्त तपासायला दिलं आहे. केस निघाल्यावर कळलं की ती किती बारीक आहे. मी तिला धरून खूप वेळ बसले होते. आता जुना सुती टी-शर्ट घालून झोपली आहे. मगाशी उठून स्वतःहून चार पावलं धावली.

सोनचाफा

पारिजात, तिला तुमचं घर मिळालं याचा फार आनंद झाला. नाव काय ठेवलंत?

पारिजात७

सई.

निवृत्त_पशुवैद्य

उत्तम केलंत. रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरांना एर्लिकिया आणि बबेसिया या रक्ताच्या दोन्ही आजारांबद्दल विचारा. तपकिरी गोचिडीतून हे दोन्ही पसरतात. ताप, जेवण सोडणं, फिक्या हिरड्या, नाकातून रक्त, अंगावर लाल ठिपके यांतलं काही दिसलं तर अहवालाची वाट पाहू नका, थेट न्या. ही गोचीड भिंतींच्या भेगांत आणि फरशीच्या सांध्यांत राहते, म्हणून सई जिथे झोपते ती जागाही साफ करा.

गोचीड काढताना चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. बोटांनी चिरडायची नाही. साबणाच्या पाण्यात टाकायची. फिप्रोनिलचं गोचीड मारणारं औषध मानेवर घालणार असाल तर आधी आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. पण आत्ता जखमा असताना कोणतंही औषध स्वतःहून लावू नका.

मोगऱ्याचा_गजरा

आमच्याकडे गोचिडीला रॉकेलचा बोळा लावतात. कापराचं तेलही चालतं असं ऐकलंय. आणि शिकेकाई-रिठ्याने धुतलं तर? ते तर नैसर्गिक आहे.

निवृत्त_पशुवैद्य

रॉकेल कातडी भाजतं आणि चाटलं तर फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. कापूर कुत्र्यांना विषारी आहे, चार-पाच किलोच्या जिवाला थोडाही पुष्कळ होतो, झटके येतात. टी ट्री तेलाचंही तेच. रिठा डोळ्यांना झोंबतो, आणि शिह त्झूचे डोळे आधीच बाहेर आलेले. नैसर्गिक असलं तरी ते चाटून पोटात जाणार आहे, हे कायम ध्यानात असू द्या. कुत्र्यावर लावायची काही औषधं मांजरालाही घातक असतात. परमेथ्रिन हे त्यातलं मुख्य. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

मोगऱ्याचा_गजरा

हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं. घरी सगळ्यांना सांगते.

हडसनकाठी (न्यू जर्सी)

इकडे हिवाळ्यात वेगळाच प्रश्न. बर्फाचे गोळे बोटांमधल्या केसांना चिकटतात आणि रस्त्यावरच्या मिठाने तळवे चिरतात. पंजांखालचे केस गादीच्या पातळीत कापते, आल्यावर कोमट पाण्यात पाय बुडवून पुसते. तिकडे गुळगुळीत फरशीवर घसरणाऱ्या कुत्र्यांनाही याचा उपयोग होईल. आमच्या गावच्या घरी आईच्या म्हाताऱ्या ल्हासाचे तेवढे केस कापले, तर तो पुन्हा न घसरता उठायला लागला.

मावळसखी

डोळ्यांखालच्या तांबूस डागांबद्दल कुणी लिहाल का? आमच्या पांढऱ्या माल्टीजचे दोन्ही गाल रंगलेत. दुकानात पावडरी मिळतात, त्या खायला घालाव्यात का?

रानजाई

पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अश्रूंत आणि लाळेत पॉर्फिरिन नावाचं लोह असलेलं द्रव्य असतं, त्याचा तो रंग. वर तिठांच्या कुत्र्याचे पंजे तांबूस झाले तेही त्यामुळेच. मी सकाळ-संध्याकाळ उकळून थंड केलेल्या पाण्यात कापूस पिळून डोळ्यांचा कोपरा टिपते आणि लगेच कोरड्या कापसाने पुसते. ओल राहिली तर डाग वाढतो. नाकाच्या वर, दोन डोळ्यांच्या मधे जे केस उगवून बुबुळाला टोचतात ते आखूड ठेवायचे. टोकं गोल असलेली छोटी कात्री, तिचं टोक कायम डोळ्यापासून दूर, नाकाच्या दिशेने. दुसऱ्याने हनुवटीची दाढी हलकेच धरून ठेवायची.

निवृत्त_पशुवैद्य

डाग जुना असेल तर ठीक. पण पाणी अचानक वाढलं, एकाच डोळ्यातून येऊ लागलं, किंवा कुत्रा डोळा मिटून घेतोय असं दिसलं, तर बुबुळावर व्रण असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. घरातले जुने थेंब घालू नका, त्यांत स्टिरॉइड असेल तर व्रण खोल जातो.

आणखी एक, सगळ्यांसाठी. आंघोळीला किंवा केस कापताना शिह त्झूसारख्या कुत्र्याला मानेची कातडी घट्ट आवळून धरू नका. त्यांच्या डोळ्यांच्या खोबण्या उथळ असतात, जोरात ताणलं तर डोळा खोबणीबाहेर येऊ शकतो. झटापट होतेय असं वाटलं की तिथेच थांबा. अर्धवट कापलेले केस दुसऱ्या दिवशी पुरे करता येतात.

सोनचाफा

घरी यंत्राने केस कापायचे तर कोणतं घ्यावं? माणसांचा ट्रिमर चालेल?

रानजाई

माणसांचा ट्रिमर या दाट केसांत अडकतो आणि ओढतो. कुत्र्यांसाठीचा क्लिपर घ्या, आवाज कमी असलेला. सोबत ब्लेडवर बसवायच्या प्लास्टिकच्या टोप्या येतात, तुम्हाला हव्या त्या लांबीची लावा. पण टोपी फक्त स्वच्छ धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या आणि विंचरलेल्या केसांतच चालते. म्हणून आधी कंगवा, मग आंघोळ, मग वाळवण, पुन्हा कंगवा आणि मग यंत्र. पाठीवर केसांच्या दिशेने, मानेपासून शेपटीकडे. बगल, जांघ आणि कानाची कड इथली कातडी पातळ आणि सैल असते, तिथे एका हाताने ती सपाट करून घ्यायची. ब्लेड दर काही मिनिटांनी आपल्या मनगटाला लावून बघा, गरम लागलं तर थांबा. पहिल्या खेपेला फक्त पाठ आणि कुशी करा. चेहरा आणि पाय पार्लरवर सोडा. हात बसला की तेही येतं.

ल्हासावाला

क्लिपरचं अगदी बरोबर. मी केस लांब ठेवतो, तरी पोटाखाली आणि शेपटीखाली यंत्र लावतोच. तिथे लांब केसांचा काही उपयोग नाही, घाण तेवढी अडकते. बाकी रानजाईताई, तुमचा मुद्दा मला पटला. माझ्या भावाकडे गेल्या वर्षी पिल्लू आलं, दोघंही नोकरी करणारे. त्यांना आता अर्धा इंचाचंच सांगतोय.

तिठा

डॉक्टरांकडे जाऊन आलो. यीस्टच निघालं, बोटांच्या बेचक्यांत आणि डाव्या कानात. औषधी शाम्पू दिलाय, दहा मिनिटांचं त्यांनीही सांगितलं. आता नखांचा प्रश्न. काळी नखं, आतली शीर दिसत नाही. आणि पाय धरला की तो पाय ओढून घेतो.

निवृत्त_पशुवैद्य

काळं नख एकदम कापायचं नाही. टोकापासून अगदी पातळ चकत्या काढत जायचं आणि दर चकतीनंतर कापलेला भाग समोरून बघायचा. आधी तो कोरडा, भुरकट दिसतो. मधोमध काळपट, ओलसर ठिपका दिसू लागला की थांबायचं, शीर जवळ आली. रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर (रक्त थांबवणारी) किंवा साधं कॉर्नफ्लॉवर दाबून धरा, काही मिनिटांत थांबतं. पायाच्या आतल्या बाजूला वर असलेलं अंगठ्याचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही, वळून मांसात शिरतं. लांब केसांच्या कुत्र्यांत हे फार उशिरा कळतं. आणि नखं फार वाढलेली असतील तर शीरही लांबलेली असते. दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की ती मागे सरते.

रानजाई

पाय ओढून घेण्यावर: काही दिवस नखं कापूच नका. तो झोपाळलेला असताना पंजा नुसता हातात घ्या, सोडा, खाऊ द्या. मग नेलकटर नखाला फक्त टेकवा, खाऊ द्या. तो स्वस्थ राहू लागला की एक नख कापा आणि त्या दिवशी तिथेच थांबा. चिकूसाठी मी ताटलीत साधं, बिनसाखरेचं दही पसरून ठेवते, तो चाटत असताना घरातला दुसरा माणूस नखं कापतो. पीनट बटर देणार असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) नाही ना ते वाचा, ते कुत्र्यांना विषारी आहे. औषधी शाम्पूची दहा मिनिटंही याच दह्यावर निघतील.

तिठा

दही त्याला आवडतं. आज रात्रीपासून पंजा हातात घेण्यापासून सुरुवात करतो. डावा कान बरा होईपर्यंत त्या बाजूला हात लावणार नाही.

पारिजात७

सईचा अहवाल आला. एर्लिकिया आहे. चार आठवड्यांच्या गोळ्या दिल्यात. डॉक्टरांनी जेवणाबरोबरच द्यायला सांगितल्यात. ताप उतरलाय. केस मुळाशी मखमलीसारखे यायला लागलेत. आत्तापासून कंगव्याची सवय लावायची आहे. इतक्या आखूड केसांवर काय वापरू?

रानजाई

अजून स्लिकर ब्रश नको, कातडी नाजूक आहे. लहान बाळांचा मऊ ब्रश घ्या आणि जखमेची जागा सोडून दिवसातून एकदा पाठीवरून फिरवा, अगदी थोडा वेळ, दही समोर ठेवून. केस बोटाच्या एका पेराएवढे झाले की विरळ दातांचा कंगवा सुरू करा. बगलेतला व्रण भरून येईपर्यंत हार्नेस घालू नका. फिरायला नेताना गळ्यात रुंद, मऊ पट्टा बांधा आणि घरी आल्यावर तो काढून ठेवा.